बांधानं मोजलेलं अंतर

ही गोष्ट मी आजवर लिहायची टाळली. सांगायचीही टाळली. निवृत्तीनंतर मोजणी खात्यातल्या आठवणींच्या दोन वह्या भरल्या. त्यात ऊस मोजताना निघालेल्या घोणशीचा किस्सा आहे, मोजणीच्या दगडावर शेंदूर फासून त्याचा देव करणाऱ्या शेतकऱ्याचा आहे, पण या एका प्रकरणाशी आलो की मी पान उलटून पुढं जायचो. आता डावा गुडघा बांधावर चढू देत नाही. तरी गावात कुणाचं हद्दीवरून वाजलं की लोक म्हणतात, म्हाताऱ्याला बोलवा, त्यानं सख्ख्या भावाचंसुद्धा ऐकलं नव्हतं. पूर्वी ते ऐकून बरं वाटायचं. आता उठून घरात जावंसं वाटतं.

भावाचं ते खरं आहे, म्हणून आधी तेच सांगतो. आमचं गाव मिरजगावच्या अलीकडं, हायवे सोडून आत. मी सरकारी मोजणीदार होतो. लोकांच्या जमिनी मोजून हद्दी दाखवायचं काम. नोकरीत असताना माझ्या धाकट्या भावाचा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा बांधावरून वाद झाला. तो शेजारी माझा शाळेतला सोबती. दोघंही म्हणाले, सरकारी मोजणी नको, तूच मोज. मी मोजलं. भावाची सहा हात रुंदीची पट्टी शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. मी खुणा रोवून दिल्या. भावानं त्याच संध्याकाळी माझ्या घरचं पाणी सोडलं. सात वर्षं तो माझ्याशी बोलला नाही आणि न बोलताच गेला. त्याला खांदा देताना मला वाटत होतं, आपण मोजलं ते बरोबरच होतं. बरोबर असून काही उपयोग नव्हता.

पुढं तो सोबतीही गेला. त्याची बायको, ज्यांना मी वहिनी म्हणतो, त्यांनी शेती एकटीनं ओढली. मुलगा नगरच्या कारखान्यात. आमच्याकडं पाऊस कमी, बागायत बेताची. वहिनींनी विहिरीच्या अंगाला तुती लावली आणि रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. पत्र्याचं लांब शेड, आत मांडण्या, मांडण्यांवर तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर पांढरे किडे. पंचवीस-सव्वीस दिवसांत कोषांची एक बॅच निघायची.

त्या शेडात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वहिनींनी दारातच अडवलं. माझ्या हातावर तंबाखू मळलेली होती.

"भाऊजी, आधी साबणानं हात धुवा. तंबाखूच्या नुसत्या वासानं मरत्यात ही."

मी हात धुतले, चपला काढल्या, दारातल्या चुन्यावर पाय ठेवून आत गेलो. वहिनी पदर खोचून फांद्या टाकत होत्या. शेवटच्या दिवसांतले किडे खात होते, आणि त्या खाण्याचा आवाज येत होता, कोरड्या कडब्यावरून कुणी सावकाश हात फिरवावा तसा. वहिनी म्हणाल्या, हा आवाज नीट आला की मी जेवते. पान स्वच्छ पाहिजे, ओलं नको, मातीचं नको, फवारणीचं नको. शेजारच्या रानात फवारा असला तर आदल्या दिवशी मला सांगायला लावा, असं त्यांनी माझ्याकडूनही कबूल करून घेतलं.

भावाचा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा पुण्यात होता. दोन-तीन नोकऱ्या धरून सोडलेल्या. गाड्यांचं वेड लहानपणापासून. एका वर्षी तो परत आला आणि म्हणाला, आता इथंच राहणार. आईला आनंद झाला. महिनाभरात त्यानं जेसीबी आणून वडिलांच्या माळरानात मातीची टेकाडं उठवली, खड्डे पाडले, वळणं काढली. मोटारसायकली उडवायचा ट्रॅक. टायरांचं कुंपण, एक पत्र्याची कमान. रविवारी नगर-पुण्याची पोरं टेम्पोत गाड्या बांधून यायची, अंगात चिलखतासारखे कपडे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. गाडी टेकाडावरून उडायची, हवेत तिरकी व्हायची, खाली आपटायची. गावानं त्याला नाव दिलं, उड्यांचं रान.

खोटं कशाला सांगू, मलाही ते बघायला आवडायचं. पुतण्या मला बाजेवर बसवायचा, पोरांना सांगायचा, हे आमचे तात्या, सगळ्या तालुक्याच्या हद्दी यांनी पाडल्यात. पोरं हेल्मेट काढून नमस्कार करायची. निवृत्त माणसाला तेवढं पुरतं.

त्रास धुळीचा होता. ट्रॅकचं शेवटचं वळण वहिनींच्या रानाला अगदी लागून. वारा सुटला की तिथून उठलेली धूळ ज्वारीच्या पट्टीवरून सरळ तुतीवर जाऊन बसायची. वहिनी आधी पुतण्याकडंच गेल्या, भांडायला नाही, सांगायला. तोही नीट बोलला. दोन रविवार त्यानं टँकर आणून ट्रॅकवर पाणी मारलं. तिसऱ्या आठवड्यात पारावर कुणीतरी म्हणालं, "आमच्या हंड्याला टँकर यीना, आन् हितं मातीला टँकर." पुतण्याला ते लागलं. टँकर बंद झाला.

मग वहिनींनी अर्ज करायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीनं सांगितलं, जागा खाजगी आहे, आम्ही काय करणार, पोलिसांकडं जा. पोलीस आले, त्यातल्या एकानं गाडीवर बसून फोटो काढून घेतला, आणि म्हणाले, शेतजमिनीचा दुसरा वापर चाललाय, हे महसूलचं काम. तालुक्याच्या कार्यालयानं आवाजाचं मोजमाप आणा म्हणून सांगितलं. आवाज नाही, धूळ, असं वहिनी म्हणाल्या. धुळीसाठी वेगळा अर्ज करा. त्या केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून सकाळच्या एसटीनं जायच्या आणि दुपारी किड्यांना पान टाकायच्या वेळेला परत यायच्या. शेवटी वरून कागद आला की ग्रामसभेनं आपलं म्हणणं ठरवून कळवावं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. ग्रामसेवकानं विषय वाचला. एक जण मागून म्हणाला की किड्यांना काय कान असतात का. लोक हसले. वहिनी उभ्या राहिल्या.

"कान न्हाईत. तोंड हाय. पानावरची माती खात्यात आन् मरत्यात."

हसणं थांबलं. पुतण्याही उभा राहिला. त्यानं चांगलं बोलून घेतलं, की मी कुणाच्या रानात गेलो नाही, गावात चार माणसं येतात, दोन हॉटेलं चालतात, मला हाकलायचं असेल तर तसं सांगा, मी जातो पुण्याला. त्याची आई बायकांत बसली होती. हे शेवटचं वाक्य ऐकून तिनं मान खाली घातली, ते मी पाहिलं.

बराच घोळ झाल्यावर ठराव झाला. ट्रॅक आणि शेजाऱ्याचं तुतीचं रान यांच्यात शंभर मीटर अंतर पाहिजे. असेल तर पंचायतीची हरकत नाही, नसेल तर ट्रॅक बंद. ट्रॅक मागं सरकवायला जागाच नव्हती, एका बाजूला ओढा आणि दुसऱ्या बाजूला खडक. म्हणजे सगळं त्या मोजण्यावर आलं. सरकारी मोजणी आणायची तर फी, अर्ज, तारीख, कितीतरी महिने. कुणीतरी म्हणालं, गावात मोजणीदार बसलेला असताना बाहेरचा कशाला. दुसरा म्हणाला, तो तर चुलता आहे.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजींनी मोजलं की मला कबूल. भावाचं तोंड बघून त्यांनी तवा मोजलं न्हाई, आता पुतण्याचं बघून बी मोजनार न्हाईत."

इतिवृत्तात ते लिहिलं गेलं. दोन्ही बाजूंना मान्य.

आमच्यात धाकटी भावजय मोठ्या दिरासमोर फारशी बोलत नाही. भाऊ बोलायचा बंद झाल्यापासून तर तिनं माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. माझी बायको आत भाकऱ्या थापत होती. भावजय भिंतीला टेकून उभी राहिली, बसली नाही.

"त्या वक्ताला तुमी खरं मोजलं. माझा नवरा सात वर्सं झुरला आन् गेला. मी तुमाला एका शब्दानं बोलले न्हाई." मग ती म्हणाली, "आता एक डाव घरच्या मान्सासारखं मोजा. पोरगं परत गेलं तर मी एकटीच हाय."

ती उत्तरासाठी थांबली नाही. जाताना आत माझ्या बायकोला चुलीपुढची राख काढून दिली आणि गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. मला काय करायचं आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते कसं करायचं तेही. चाळीस वर्षं ज्यानं हद्दी पाडल्या त्याला हद्द चुकवायला वेळ लागत नाही.

मोजणीला पाच-सहा जण होते. ग्रामसेवक वही घेऊन, दोन सदस्य, पुतण्या, वहिनी आणि मी. तीस मीटरची टेप माझ्या घरची. ट्रॅकचं वळण आणि तुतीचं रान यांच्यामध्ये वहिनींची ज्वारीची पट्टी होती, सत्तावीस गुंठ्यांची, चौकोनी, चारी कोपरे काटकोनात. ते कोपरे मीच पाडलेले. एका कोपऱ्याला ट्रॅकचं वळण. तिरक्या समोरच्या कोपऱ्याला तुतीची पहिली ओळ. मध्ये उभी ज्वारी, डोक्याइतकी उंच, कणसं हुरड्याला आलेली.

टेपचं शून्याचं टोक वहिनींनी धरलं. मीच त्यांच्या हातात दिलं, कारण आमच्या कामात लगतच्या खातेदाराला हाताशी घेतात, म्हणजे पुढं तक्रार राहत नाही. त्या वळणाजवळ उकिडव्या बसल्या, टोक खुंटीला दाबून धरलं आणि ज्वारीकडं बघून म्हणाल्या,

"सरळ मधून घ्या, भाऊजी. चार ताटं मोडली तर मोडू द्या."

मी म्हणालो, "उभ्या पिकातून टेप नेत नाहीत, वहिनी. बांधानंच मोजतात."

हे खोटं होतं. मी उसातून टेप नेली आहे, घाणेरीतून नेली आहे, तूर आडवी करून नेली आहे. आणि जिथं पीक मोडायचं नसेल तिथं बांधानं दोन बाजू मोजून मधलं सरळ अंतर कागदावर काढतात. ते नव्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. साधा गवंडीसुद्धा ते जाणतो. पण उभ्या पिकाला जपायचं म्हटलं की शेतकऱ्याच्या रानात कुणी वाद घालत नाही. सदस्यांनी माना हलवल्या. वहिनींच्या चेहऱ्यावर मी ओळखीचं काहीतरी पाहिलं. आपलं पीक कुणी वाचवलं की माणसाचा चेहरा होतो तसा.

"तुमाला म्हाईत," त्या म्हणाल्या.

आम्ही बांधानं निघालो. लांब बाजू साठ मीटर. कोपऱ्यावर वळलो. आखूड बाजू पंचेचाळीस. मी दोन्ही आकडे मोठ्यानं सांगितले, ग्रामसेवकानं बेरीज केली. एकशे पाच. माझ्या डोक्यात तिसरा आकडा मी न काढताच येऊन बसला होता, पंच्याहत्तर. तो मी कुणाला सांगितला नाही. धूळ काही बांधावरून कोपरा वळून जात नाही, ती पंच्याहत्तरनंच जात होती. वहीत लिहिलं, अंतर एकशे पाच मीटर, अटीपेक्षा जास्त. मी सही केली. खाली वहिनींनी केली, एकेक अक्षर जोडून, सावकाश.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. पदराखाली फडक्यात गरम हुरडा होता, त्याच पट्टीतला. बायकोला म्हणाल्या, भाऊजींनी माझी ताटं वाचवली, म्हणून पहिला हुरडा तुमच्याकडं. सोबत लसणाची चटणी होती. बायकोनं ताटलीत काढून माझ्यापुढं ठेवला. मी खाल्ला. काय करणार होतो.

तो एकशे पाचचा कागद पुढं सगळीकडं गेला. तालुक्याला गेला, पोलिसांकडं गेला. जिथं जिथं वहिनींचा अर्ज होता तिथं तिथं तो वर लागला आणि खालचा अर्ज निकाली निघाला. वहिनींनी पुन्हा अर्ज केला नाही. त्यांनी शब्द दिला होता की भाऊजी मोजतील ते कबूल.

त्या उन्हाळ्यात त्यांची पहिली बॅच वाया गेली. पान धुतलं तर ओलं राहायचं, ओलं पान किड्यांना चालत नाही. सुकवलं तर कोमेजायचं. झटकून घातलं तर माती राहायचीच. त्या पहाटे उठून फांद्या एकेक करून फडक्यानं पुसत होत्या असं बायको सांगायची. मी एकदा गेलो. हात धुतले, चपला काढल्या. मांडणीवर किडे काळपट, लिबलिबीत पडले होते, वास येत होता. खाण्याचा आवाज नव्हता. वहिनी सुपात ते गोळा करत होत्या, पुरायला न्यायचे म्हणून.

"शंभराच्या वर असून बी धूळ येती कशी हो, भाऊजी? का माझ्याच हाताचं काय चुकतंय?"

मला बोलायची ती पहिली संधी होती. मी म्हणालो, वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

पुढची बॅचही गेली. त्यानंतरची अर्धी. मग एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर वहिनी तुती उपटून घेत होत्या. शेडात मांडण्या तशाच राहिल्या, त्यांवर कांद्याच्या पिशव्या आल्या.

पुतण्याचा ट्रॅक आणखी दोन हिवाळे चालला. मग कुठं दुसरीकडं मोठा, चांगला ट्रॅक झाला आणि पोरं तिकडं जायला लागली. एका रविवारी कुणीच आलं नाही, पुढच्याही नाही. आता तो पुण्यात मोटारसायकलींच्या दुकानात कामाला आहे. भावजय एकटीच राहते. टेकाडांवर वेड्या बाभळी उगवल्यात, पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचतं, त्यात म्हशी बसतात. पुतण्याला मी काय केलं ते ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. भावजयीनं तो विषय पुन्हा काढला नाही, पण दिवाळीला फराळाचं ताट तिच्याकडून येतं. भाऊ असताना येत नव्हतं.

वहिनींना सांगायला मी निघालो नाही असं नाही. त्यांना चिकुनगुनिया झाला तेव्हा गेलो. त्यांच्याजवळ त्यांची सून होती, तिला त्या सांगत होत्या की यांच्यासारखा सरळ माणूस गावात नाही. मी पपई ठेवली आणि परत आलो. नंतर एकदा एसटी स्टँडवर गाठ पडली, गाडी यायला वेळ होता, बाकावर आम्ही दोघंच होतो. गुडघ्यांबद्दल बोललो.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. शेळ्यांसाठी गोठा बांधायचाय, गवंडी आठ दिवस येणार नाही, तोवर पाया तरी खोदून ठेवावा, तर कोपरे काटकोनात धरून द्या. एवढं मला अजून जमतं. काठी टेकत गेलो. त्यांच्याकडं सुंभ होता. हातानं मोजून मी त्याला गाठी मारल्या, तीन हातांवर एक, पुढं चार हातांवर एक, पुढं पाच हातांवर एक. मग खुंट्या ठोकल्या. तीन हातांची बाजू भिंतीच्या रेषेत, चार हातांची तिला आडवी, आणि पाचाची तिरकी बाजू नेमकी जुळली की कोपरा सरळ झाला. शेवटची गाठ वहिनींनी धरली. उकिडव्या बसल्या, अगदी त्या दिवशी बसल्या होत्या तशा.

त्या बराच वेळ दोरीकडं बघत होत्या. मग बोटानं एक बाजू दाखवली, मग दुसरी, मग तिरकी.

"हिकडून गेलं तर तीन आन् चार, सात," त्या म्हणाल्या. "आन् मधून पाचच."

"हो."

त्यांनी मान वर करून पलीकडं बघितलं. ज्वारीच्या त्या पट्टीत यंदा हरभरा आहे, गुडघ्याएवढाही नाही, त्यामुळं इथून ट्रॅकचं जुनं वळण आणि बाभळी स्पष्ट दिसतात. त्या तिकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. आवाजही तोच होता, चहा घेता का विचारतात तो.

"ज्वारी मोडली असती तरी चाललं असतं, भाऊजी."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. इतकी वर्षं घोकलेलं, लांब नाही. वहिनी, मला सरळ अंतर ठाऊक होतं, मी जाणूनबुजून बांधानं मोजलं, तुमची तुती माझ्यामुळं गेली, मला माफ करा. एवढंच. त्या माझ्याकडं बघत होत्या, घाई नव्हती, आसपास कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "दोरी ढिली पडली, वहिनी. जरा ताणून धरा."

त्यांनी ताणून धरली.